रस्त्यातले रूळ आणि खालचं काँक्रीट: ट्रॅकच्या लाईनीत येणाऱ्या आपल्या पोरांसाठी

टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी जायची वाट बघत आपण सगळेच कधी ना कधी उभारलोय, पण गेट उघडलं की जो तो हॉर्न मारत पळतो, खाली रुळाकडं कुणी बघत नाही. पुढच्या वेळी बघा. रुळाच्या आतल्या अंगाला अजून एक रूळ टाकलेला असतो, त्याला चेक रेल म्हणतात, आणि दोन्हीच्या मधी ५१ ते ५७ मिलिमीटरची फट ठेवलेली असते. गाडीच्या चाकाला आतून जी कडा असते, फ्लँज, ती त्या फटीतनं जाते. रस्ता रुळाच्या लेव्हलला आणायचा, बस ट्रक सायकल सगळं वरनं जाऊ द्यायचं आणि तरी चाकाची वाट मोकळी ठेवायची. गेटवर हे रस्त्याच्या रुंदीपुरतं असतं, हेच अख्ख्या शहरातनं किलोमीटरच्या किलोमीटर न्यायचं म्हणजे ट्रामचा ट्रॅक.

मी खानापूर तालुक्यातला, डिप्लोमा सिव्हिल, आधी इकडंच काँक्रीट रोडवर सुपरवायझर होतो, आता मेट्रोच्या ट्रॅकवर. इकडची पोरं विचारतात ट्रॅकचं काम म्हणजे काय, गँगमन व्हायचं काय, रोडच्या कामापेक्षा बरं काय, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आता कुणी म्हणेल बेळगावात ट्राम कुठं आहे, शिकून काय करू? बरोबर आहे की. मुंबईत १८७४ ला घोड्याची ट्राम सुरू झाली, १९०७ ला विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची गेली. आपल्या देशात रस्त्यातली ट्राम बघायची तर कोलकाताच. पण खडी न टाकता रूळ थेट काँक्रीटवर धरायचं जे काम ट्रामवाल्यांनी रस्त्यात केलं, तेच आज बेंगळुरू, पुणे, मुंबईच्या मेट्रोत चाललंय, वर पुलावर किंवा खाली बोगद्यात. मोठ्या स्टेशनात प्लॅटफॉर्मला लागून धुता येणारा काँक्रीटचा ट्रॅक असतो, वॉशेबल अ‍ॅप्रन म्हणतात, तोपण ह्याच जातीतला. म्हणजे काम भरपूर आहे, फक्त आपल्या गावात नाही.

पहिली गोष्ट डोक्यात फिट बसवा. खडीवरचा ट्रॅक कुठं बसला, वाकडा झाला तर मशीन आणून उचलतात, खडी ठोकतात, परत लाईनीत आणतात, आयुष्यभर हेच चालू असतं. काँक्रीटमधे तसं नाही. रूळ तीन मिलिमीटर वर-खाली राहिला आणि काँक्रीट धरलं की मग खाली थोडं पॅकिंग घालून जमलं तर जमलं, नाहीतर ब्रेकर लावा. रूळ खाली राहिला तर शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालून उचलता येतो, पण वर राहिलेला खाली कसा नेणार? त्यामुळं ह्या कामात काँक्रीट ओतायचा दिवस हा परीक्षेचा नव्हे, रिझल्टचा दिवस असतो. जे काय करायचं ते त्याच्या आधी. रोडवरनं आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, कारण रोडवर आपली सगळी नजर काँक्रीटवर असते, स्लंप किती (माल किती पातळ-घट्ट), क्यूब किती आला (ठोकळ्याची ताकद). इथं काँक्रीट एम ३५ एम ४० ताकदीचं नीट पडलं तरी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, चुकलं तर सगळं गेलं.

रस्त्यातल्या ट्रॅकला सुरुवात जमिनीपासनं होते. आपल्याकडं हे समजायला सोपं आहे, खानापूर बेळगाव पट्ट्यात लाल माती, जांभा, आणि तिकडं अथणी गोकाककडं गेलात की काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर कितीही जाड स्लॅब टाका, खाली ती हलत राहिली की स्लॅबला तडा जाणारच. म्हणून खोदाई करून खराब माती काढायची, भराव थराथरानं दाबायचा, त्यावर खडीमिश्रित थर, मग कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट, ज्याला साईटवर डीएलसी म्हणतात, आणि त्याच्यावर मेन स्लॅब. जुन्या ट्रामच्या कामात सहा इंच म्हणजे १५० मिलिमीटरच्या आसपास काँक्रीटचा थर असायचा. रूळ त्याच्यावर उभे करून, दोन्ही रूळ टाय बारनं, म्हणजे आडव्या लोखंडी पट्टीनं, गेजला बांधून, मग दुसऱ्या खेपेला आजूबाजूनं भरायचं आणि वरनं रस्त्याचा थर.

ट्रामचा रूळपण वेगळा असतो, त्याच्या डोक्यातच खाच पाडलेली असते, म्हणजे चेक रेल वेगळी लावायला नको. त्या खाचेत माती, पाणी, पालापाचोळा सगळं जातं, त्यामुळं मधे मधे खाचेतलं पाणी गटारात सोडायची सोय करावी लागते. बेळगावचा पाऊस बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रूळ आणि काँक्रीट ह्यांच्या सांध्यात पाणी शिरलं, वरनं चाक गेलं की रूळ जरासा दबतो, पाणी पिचकारी मारल्यागत बाहेर येतं आणि येताना बारीक माल घेऊन येतं. असं रोज होत राहिलं की रूळ ढिला, मग कडेचा रस्ता फुटला, मग लोक महानगरपालिकेला शिव्या घालतात. म्हणून कडेचा सांधा डांबरानं किंवा रबरासारख्या मसाल्यानं भरतात, आणि रुळाच्या बुडाखाली रबराचं पॅड देतात. पॅड नसेल तर आवाज जास्त, हादरा जास्त.

आता मेट्रोत मी रोज जे बघतो ते सांगतो. पुलाच्या डेकमधनं सळया वर काढून ठेवलेल्या असतात, तिथला पृष्ठभाग टोचून खरबरीत करायचा, हवेनं साफ करायचा, सळईची जाळी बांधायची, सळई तळाला टेकू नये म्हणून खाली कव्हर ब्लॉक. मग रूळ वर आणून जिगवर, म्हणजे स्क्रूच्या लोखंडी चौकटीवर, टांगायचे, बेसप्लेट (रुळाच्या बुडाखालची लोखंडी प्लेट) आणि बोल्ट रुळालाच लटकलेले. म्हणजे आधी रूळ जागेवर आणि मग त्याच्या खाली काँक्रीट, उलटं काम. जिगचे स्क्रू फिरवून गेज १४३५ मिलिमीटर, लेव्हल, आडवी लेव्हल (दोन रुळांची एकमेकाशी उंची) आणि रुळाचा आतला कल १ ला २० हे सगळं जुळवायचं. वळणावर बाहेरचा रूळ किती वर ते ड्रॉइंगमधे असतंच. सर्व्हेवाला टोटल स्टेशननं, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीनं, बघतो, तुम्ही गेजनं बघता, क्लायंटचा माणूस परत बघतो, सही करतो आणि मग पंप चालू.

ह्यात ऊन हा मोठा शत्रू. दुपारी रूळ हाताला चटका देतो. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाला जागेवर घट्ट धरून ठेवलं आणि तापमान ३० अंशानं वाढलं तर आत साधारण ५५ टनाचा जोर तयार होतो, लांबी कितीही असू दे. मोकळा असेल तर लांबतो, १३ मीटरचा रूळ तेवढ्यातच चार-साडेचार मिलिमीटर. सकाळी जुळवलेलं दुपारी हललेलं असतं ते ह्याच्यामुळं. म्हणून ओतायचं काम शक्यतो संध्याकाळी, रात्री करतात आणि ओतायच्या अगदी आधी परत मोजतात. काँक्रीट जरा धरलं की रूळ धरणाऱ्या क्लिपा सैल करायच्या, नाहीतर उन्हानं रूळ सरकतो आणि ताज्या काँक्रीटला बेसप्लेटच्या कोपऱ्यापासनं चीर पडते. ही केसाएवढी चीर दुसऱ्या दिवशी पाणी मारताना दिसते, ओल सुकायला लागली की काळी रेघ उठते. बेसप्लेटखाली हवा अडकायचीपण भीती, वायब्रेटरची सुई प्लेटला न लावता एका बाजूनं माल ढकलत न्यायचा, दुसऱ्या बाजूनं वर आला की मगच पुढं. घाईत दोन्हीकडनं ओतलं की मधे पोकळी राहिलीच म्हणून समजा, आणि पोकळ आहे का ते नंतर हातोडीनं ठोकून आवाजावर कळतं. जुने मिस्त्री ह्यात पक्के असतात, बिहार बंगालकडचे खूप आहेत. त्यांच्याशी मामा दादा करून राहा, हाताला हात लावून शिकवतात.

रूळ जोडायचं वेल्डिंग बघायला मिळालं तर सोडू नका. दोन रुळांमधी २५ मिलिमीटरची फट ठेवायची, वाळूचा साचा बसवायचा, टोकं तापवायची आणि वर भांड्यात अ‍ॅल्युमिनियम आणि लोहभस्म पेटवायचं. दोन हजार अंशाच्या वर जातं. गुऱ्हाळात काहिलीवर मळी येते तसा स्लॅग वर राहतो आणि लोखंड खाली साच्यात उतरतं. ही थर्मिट पद्धत ट्रॅकमधे पहिल्यांदा वापरली तीच मुळात ट्रामच्या रुळाला, जर्मनीतल्या एसेनमधे, १८९९ साली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेला एक पोरगा आमच्याकडं आला होता, त्याला साचा, वाळूची ओल, वायूला वाट हे काहीच शिकवावं लागलं नाही.

एक गोष्ट सिव्हिलवाले कानाआड करतात, ती म्हणजे करंट. डीसीवर चालणाऱ्या ट्राममधे आणि मेट्रोत वीज रुळातनं परत जाते. बेंगळुरूची मेट्रो ७५० व्होल्ट डीसीवर, थर्ड रेलनं, म्हणजे कडेच्या तिसऱ्या रुळातनं वीज घेऊन चालते. रूळ काँक्रीटपासनं नीट वेगळा नसेल, वर ओल असेल, तर थोडा करंट सळईत नाहीतर जमिनीतल्या पाइपात उतरतो आणि जिथनं बाहेर पडतो तिथलं लोखंड खातो. म्हणून त्या जाळीतल्या सळया वेल्डिंगनं एकमेकीला जोडायला सांगतात, म्हणजे सुटलेल्या करंटला सलग वाट मिळते. ते उगाच नसतं, इलेक्ट्रिकलवाल्याचं ऐका.

आता नोकरीचं. साईट इंजिनियर म्हणून सगळे येतात, पण पहिली संधी मिळाली तर सर्व्हे किंवा क्वालिटी मागून घ्या, माझं मत आहे. सर्व्हेत गेलात तर लेव्हल काढायची भीती जाते आणि ह्या धंद्यात मिलिमीटर वाचता येणाऱ्याला कुणी काढत नाही. बिलिंगचं टेबल एसीत असतं खरं, पण सुरुवातीलाच तिथं बसलात की ट्रॅक कळायचा राहतो. डिप्लोमा झाल्या झाल्या एक वर्षाची सरकारी अप्रेंटिसशिप करता येते. रेल्वेत जायचं तर आरआरबीची, म्हणजे रेल्वे भरती बोर्डाची, ज्युनियर इंजिनियरची परीक्षा, डिप्लोमावर देता येते, पेपर मराठीतपण असतो आणि कन्नडमधेपण. डोळ्याची तपासणी कडक असते, आधी चष्म्याचा नंबर बघून घ्या. वाचायला पुण्यातल्या इरिसेनची पुस्तकं आहेत, रेल्वेची सिव्हिल शिकवणारी संस्था आहे ती, पुस्तकं फुकट डाउनलोड होतात. इंग्रजी आहेत पण चित्रं भरपूर, पहिल्यांदा गेज, क्रॉस लेव्हल (आडवी लेव्हल), ट्विस्ट (ती लेव्हल पुढं जाताना किती बदलते) एवढंच वाचा.

आणि आपल्या पोरांचा एक फायदा आहे जो आपल्यालाच दिसत नाही. घरी मराठी, बाजारात कन्नड, साईटवर हिंदी. बेंगळुरूत लोकल पोलिस, वॉर्ड ऑफिस, रात्रीची गाडी सोडवायची असली की सगळे आपल्याला हाक मारतात. पुण्यात गेलात तर मराठी आहेच, फक्त "काय करूलालास बे" म्हटलं की सगळे वळून बघतात, बघू दे.

ऑफर आली की नुसता पगाराचा आकडा बघून हो म्हणू नका. रूम आणि मेस कंपनीची की तुमची, रात्रपाळीचे पैसे वेगळे की त्यातच, पीएफ कापतात काय, सुट्टी साठते काय, आणि काम संपलं की पुढच्या प्रोजेक्टला नेणार काय हे फोनवर न विचारता मेलवर विचारा. बूट, हेल्मेट, रिफ्लेक्टर जॅकेट कंपनीनंच द्यायचं असतं, स्वतःच्या पैशानं घ्या म्हणाले तर दुसरीकडं बघा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की गणपतीला सुट्टी मिळेलच असं नाही.