घरात पाणी शिरलं तर: काही फेकू नका, आणि बाकीची यादी

पावसाळा तोंडावर आला की मैत्रिणींचे फोन येतात, "तू लिहून दे ना एकदा, काय काय करून ठेवायचं ते." म्हणून हे लिहिते आहे. आम्ही नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहतो, तळमजल्यावर. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतून घराघरात फिरली. आदल्या संध्याकाळी महालक्ष्म्यांचं पूजन झालं होतं. पहाटे हॉलमध्ये गुडघाभर पाणी, आंबिलीचं पातेलं सोफ्याला टकटक धडकत होतं. आधी मुखवटे माळ्यावर ठेवले. मग सासूबाईंना वरच्या मजल्यावर नेलं. मग काही सुचलंच नाही. इथवर माझी काही चूक नव्हती. चूक दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती चांगली दीड लाखाला पडली.

ती आधीच सांगून टाकते: घराचा विमा असेल तर सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान पाहायला विमा कंपनी पाठवते त्या माणसाने, पाहिल्याशिवाय घरातली एकही वस्तू फेकू नका. भंगारवाल्याला देऊ नका, महापालिकेच्या गाडीत टाकू नका, "घेऊन जा बाबा" म्हणून कामवालीलाही देऊ नका. हे मी पुढे आणखी चार वेळा लिहिणार आहे, कंटाळलात तरी वाचा.

आता कोरड्या दिवसांतली कामं. घराची विमा पॉलिसी आहे का ते पाहा, आणि असेल तर ती उघडून वाचा. गृहकर्जासोबत बँकेने काढलेली पॉलिसी असेल तर तिच्यात फक्त बांधकाम असू शकतं, म्हणजे भिंतींचे पैसे मिळतील, फ्रिजचे नाही. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवावी लागते. तिच्यात पूर येतो, पाइप फुटणं आणि टाकी ओसंडणंही येतं. इमारतीसोबत घरातलं सामान इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप धरलेलं असतं. त्याहून जास्त हवं असेल तर यादी देऊन वाढवायचं. इमारतीची रक्कम म्हणजे घर पुन्हा बांधायचा खर्च, प्लॉटची किंमत त्यात नाही. इथे लोक फार गोंधळतात आणि धरमपेठेतल्या जागेच्या भावाने विमा मागतात. भाड्याने राहता? मग नुसत्या सामानाची पॉलिसी निघते. वर्षानुवर्षं भिंतीत मुरणारी ओल मात्र कोणी भरून देत नाही, त्यासाठी वाद घालून घसा कोरडा करू नका. सोनं आणि रोख रक्कमही साध्या पॉलिसीत नसते.

मग मोबाइल घ्या आणि घरभर फिरून व्हिडिओ काढा. कपाटं उघडून. त्यानंतर प्रत्येक यंत्राच्या मागची किंवा दाराच्या आतली ती चंदेरी पट्टी, ज्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो, तिचा जवळून फोटो. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, इन्व्हर्टर, मिक्सरसुद्धा. बिलांचे फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा. आमची सगळी बिलं, वॉरंटी कार्डं एका छान फाइलमध्ये होती आणि ती फाइल दिवाणाच्या खणात होती. दिवाणाचा खण म्हणजे जमिनीपासून चार इंच. त्या फाइलचा नंतर असा लगदा झाला होता की शेण आणि कागद वेगळं करता येईना. खरेदीखत, पासबुकं, मार्कशीट माळ्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यात. हे तुम्हाला माहीत आहे, तरी आज उठून करा.

एक गोष्ट मात्र आम्हाला कोणी सांगितली नव्हती. पाणी दारातून यायच्या आधी संडासातून आणि बाथरूमच्या जाळीतून आलं. गडर (गटाराची लाइन) भरलं की ते उलटं येतं. आम्ही उंबरठ्याशी पोती लावत बसलो आणि मागून घर भरत गेलं. प्लंबरला बोलावून बाहेरच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घ्या. तोवर वाळू भरलेल्या जाड पिशव्या तयार ठेवा, एक संडासाच्या भांड्यात कोंबायला, एक जाळीवर ठेवायला.

मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं आणि तो बुडायच्या उंचीवर नसावा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही, एवढं पुरे. गाडीत पाणी गेलं असेल तर चावी फिरवू नका. इंजिनमध्ये पाणी खेचलं जातं, दांडा वाकतो, आणि कंपनी म्हणते तुम्हीच चालू केली. टोचन करून न्या.

आता पाणी ओसरलं. घरात बोटभर काळा, चिकट गाळ आहे आणि गडरचा वास आहे. तुम्हाला वाटेल, आधी हे धुऊन काढू. नाही. आधी फोटो, मग खराटा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, ती टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो काढा. आमची 22 इंच होती, हे मला आता आठवणीने सांगावं लागतं, कारण सफाईवाल्यांनी ती पहिल्याच तासात प्रेशरने धुऊन टाकली. त्या रेघेशेजारी फ्रिज, सोफा, मशीन जिथे होतं तिथेच ठेवून फोटो काढा. मग विमा कंपनीला लगेच फोन, आणि फोननंतर ईमेल, कारण फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. दावा क्रमांक लिहून घ्या. तेव्हा सर्व्हेअर नेमायला कंपनीकडे 72 तास असायचे, 2024 पासून 24 तास झाले आहेत. त्यामुळे थांबावं लागतं ते एक-दोन दिवस. त्या एक-दोन दिवसांत आमचा सत्यानाश झाला.

काय झालं ते नीट सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. शनिवारी पाणी ओसरलं. रविवारी सकाळी एक सफाई ठेकेदार आला, सोबत चार माणसं, एक पंप. बोलायला गोड. "ताई, सगळं मोकळं करा, तरच पाणी मारता येईल. हे गादी-सोफे ठेवून काय करता, वास येऊन राहिला. आपण उचलून टाकू, पॅकेजमध्येच आहे." सासूबाई वरून ओरडत होत्या की वासाने डोकं दुखतंय. शेजारच्या काकूंनी त्यांच्या गाद्या आधीच रस्त्यावर टाकल्या होत्या. आणि दारात भंगारवाला हातगाडी घेऊन उभा. मी वॉशिंग मशीन, मिक्सर आणि दोन टेबल फॅन त्याला अकराशे रुपयांत दिले, आणि वर मनात म्हटलं, चला, काहीतरी तरी सुटलं. गाद्या, सोफा, प्लायवूडचं टीव्ही युनिट महापालिकेच्या गाडीत गेलं. विमा कंपनीला फोन केला सोमवारी दुपारी. सर्व्हेअर आला बुधवारी.

माणूस चांगला होता. चपला बाहेर काढून आला, जमिनीवर बसून फ्रिजचा खालचा पत्रा बॅटरीने पाहिला, कॉम्प्रेसरवरच्या गाळाचे फोटो काढले. मग म्हणाला, "वॉशिंग मशीन?" मी म्हटलं, दिलं. "सोफा?" गेला. "गाद्या?" त्याही. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाला, "मॅडम, मी जे पाहिलं नाही ते कसं लिहू?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. फ्रिजचे पैसे मिळाले, कारण तो चौघांना उचलला गेला नाही. बाकीचं शून्य.

म्हणून, काही फेकू नका. सामान घरात ठेवणं अशक्य असेल, आणि असतंच, तर बाहेर काढा, पण आवाराबाहेर नाही. पोर्चमध्ये, गच्चीवर, पार्किंगच्या कोपऱ्यात, वर ताडपत्री. गाद्या खरंच सडतात, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतात, ते मला कळतं. त्यासाठी उपाय आहे: गादीचा सगळ्या बाजूंनी फोटो, कंपनीच्या लेबलचा फोटो, लेबलसकट एक हातभर तुकडा कापून पोत्यात, आणि कंपनीला ईमेल की आरोग्याच्या कारणाने ही गादी टाकावी लागते आहे, हे फोटो, परवानगी द्या. उत्तर आलं की टाका. यंत्रांच्या बाबतीत तर हेही नको, यंत्रं वास मारत नाहीत, ती तशीच राहू द्या. मेकॅनिकलाही लगेच उघडू देऊ नका. आणि भंगारवाल्याला गेटवरूनच परत पाठवा. पूर आला की तो दिवसातून सहादा येतो, आणि सहाव्यांदा तुमचा हात सैल होतो. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नवऱ्यालाही, विशेषतः त्यालाच, कारण "कचरा कमी झाला" याचा आनंद त्याला सगळ्यात जास्त होतो.

ठेकेदाराबद्दल. पूर आला की ज्याच्याकडे पंप आणि दोन पोरं आहेत तो प्रत्येक जण सफाई ठेकेदार असतो. भाव लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना: पाणी काढणं वेगळं, गाळ काढणं वेगळं, मलबा उचलणं वेगळं, फवारणी वेगळी. मलबा उचलायचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत पॉलिसीत मिळतो, पण बिलात तो वेगळा दिसला तर. आम्हाला वहीच्या कागदावर "सफाई पॅकेज 14,000" असं मिळालं, त्यावर ना नाव ना जीएसटी नंबर, सर्व्हेअरने ते हातातसुद्धा घेतलं नाही. पक्कं बिल देत नसेल तर दुसरा पाहा. अ‍ॅडव्हान्स अर्ध्याच्या वर नको. आणि "उचलून टाकणं पॅकेजमध्ये आहे" असं म्हणाला तर काय म्हणायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

एक इशारा, हा पैशाचा नाही. आमच्या ठेकेदाराच्या पोराने फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकली आणि तिच्यावरच संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतायला निघाला. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. दोन्हींपैकी एकच वापरा. गाळ आधी पूर्ण काढायचा, मग साध्या पाण्याने धुवायचं, मग ब्लीचिंग. गाळावर ब्लीचिंग टाकून काही होत नाही. जमिनीतली पाण्याची टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकून, पुन्हा रिकामी करून मगच भरा. कपाटाखाली हात घालण्याआधी काठीने पाहा, साप असतात. आमच्याकडे विंचू निघाला.

वीज सुरू करायच्या आधी वायरमन. सगळे खालचे बोर्ड उघडून वाळवायचे, अर्थिंग तपासायचं.

वाळवणं. इथे आपल्या गावाचा एक फायदा आहे: प्रत्येक घरात कूलर असतो. गच्चीवरचा कूलर खाली आणा, गवताच्या तिन्ही जाळ्या काढा, पाण्याची मोटर बंद, नुसता पंखा भिंतीकडे तोंड करून चालवा.  ऑक्टोबरचं ऊन मिळालं तर दारं-खिडक्या सताड उघडी. सागवानी दरवाजे वाचतात, हळूहळू सावलीत वाळवा. प्लायवूडची ट्रॉली फुगली की गेली, पण तिलाही सर्व्हेअर येईपर्यंत भिंतीवरून उतरवू नका. चौथ्यांदा सांगितलं.

पंचनामा: सरकारी पथक आलं की घरात कोणीतरी हवं. 2023 मध्ये बाधित कुटुंबांना 10 हजार जाहीर झाले होते, ज्यांच्या दाराला कुलूप होतं त्यांना नंतर चकरा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, विम्यालाही कामी येते. त्या दिवसाचं वर्तमानपत्र जपून ठेवा.

क्लेम फॉर्म 30 दिवसांच्या आत. प्रत्येक कागदाची प्रत, प्रत्येक बोलणं ईमेलवर. एखादा कागद नाही म्हणून दावा नाकारता येत नाही, असा विमा नियामकाचा 2024 चा नियम आहे, तो ऐकवा. नाकारलाच, किंवा कमी दिला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंत ऐकतात, वर्षाच्या आत जायचं. मी गेले नाही, कारण माझ्याजवळ दाखवायला काही उरलंच नव्हतं.

रंग. दिवाळीच्या आत रंग देऊ नका, ठेकेदार कितीही म्हणो. फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, सकाळी आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे. आम्ही दिला, डिसेंबरात पापुद्रे.

नवीन सामान घेतलं की त्याची चंदेरी पट्टी, बिल, फोटो, त्याच दिवशी. पॉलिसी पावसाळ्याआधी नूतनीकरण. माझी तारीख 28 मे आहे, देवघराच्या दाराला आतून चिकटवली आहे, आणि तिच्या खाली भंगारवाल्याने दिलेल्या नोटांपैकी शंभराची एक.