ट्रक ठरवताय? आधी कागद बघा

सोलापुरातून टॉवेल-चादरीच्या गाठी बाहेरगावी पाठवायच्या असतील तर नुसतं भाडं किती एवढंच विचारून गाडी भरू नका ओ. गाडीचा नंबर घ्या, एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, इन्शुरन्स आणि फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचं आरटीओचं सर्टिफिकेट) कधीपर्यंत आहे ते लगेच दिसतं. पण खरी गोम पुढे आहे, ड्रायव्हर जो इन्शुरन्सचा कागद दाखवतो तो बऱ्याचदा थर्ड पार्टीचा असतो, म्हणजे गाडीने कुणाला ठोकलं तर त्याची भरपाई, तुमचा माल भिजला किंवा जळाला तर त्यातून एक रुपया मिळत नाही. मालासाठी ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा लागतो, तो आपणच काढलेला बरा.

ट्रान्सपोर्टवाल्याला २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखालचं रजिस्ट्रेशन आहे का तेही विचारा, आणि जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाला माल घेतल्याची देतो ती पावती) मालाची किंमत लिहायला लावाच, पण नुसती किंमत लिहून भागत नाही, जास्त जोखमीचा वाढीव दर द्यायचं ठरवून तेही लिहून घ्या, कारण नाहीतर नुकसानभरपाई जास्तीत जास्त भाड्याच्या १० पट, म्हणजे ३ हजार भाडं असेल तर ३० हजार, मग माल २ लाखाचा का असेना! "मालकाच्या जोखमीवर" (म्हणजे जोखीम माल ज्याचा त्याची, ट्रान्सपोर्टवाल्याची नाही) असा शिक्का बिल्टीवर मारलाय का तेपण बघून घ्या, आणि बिल्टीचा फोटो गाडी सुटायच्या आधीच काढा.