एचिंग-एनग्रेव्हिंग: प्रूफ बिघडलं की ॲसिडला दोष देण्याआधी या चुका तपासा

एचिंगमध्ये, म्हणजे ॲसिडने रेघा खोदलेल्या धातूच्या प्लेटवरून चित्र छापताना, पहिलं प्रूफ (चाचणीची छाप) प्रेसमधून काढलं, कागद उचलला, आणि चित्रातल्या कोऱ्या आकाशात काळे ठिपके! नवशिक्याचा पहिला आरोप ॲसिडवर असतो. पण ॲसिड बिचारं जिथे धातू उघडा सापडेल तिथे खातं. तो उघडा कोणी ठेवला, हे शोधायचं.

या ठिपक्यांना फाउल बायटिंग म्हणतात. प्लेटवर बोटांचा तेलकटपणा राहिला की ग्राउंड (ॲसिड अडवणारा लेप, जो खरवडून रेघा काढतात) तिथे धरत नाही. खडूची बारीक पूड ओली करून प्लेट घासा आणि धुवा. पाणी सलग पसरलं तर ठीक. थेंब होऊन फुटत असेल तर पुन्हा घासा. त्यानंतर प्लेट फक्त कडांनी धरायची. ग्राउंड जाड लावलं म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमजच. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे जाड थराच्या कपच्या उडतात. लोरेनच्या (आजच्या फ्रान्समधला प्रांत) एचिंगकार जाक कालोने (1592–1635) मेणाच्या ग्राउंडऐवजी तंतुवाद्यांचे कारागीर वापरत तसलं कडक व्हार्निश घेतलं, आणि त्याच्या इवल्याशा माणसांच्या गर्दीतही रेघा स्वच्छ उमटल्या.

दुसरी चूक, धातू आणि तो खाणाऱ्या द्रावणाची जोडी न जुळवणं. फेरिक क्लोराइड तांब्यासाठी उत्तम, पण जस्तावर ते जोरात उसळतं आणि तापतं. तांब्यावरही प्लेट तोंड वर करून ट्रेमध्ये ठेवली तर गाळ रेघांत बसतो आणि रेघा खोल जात नाहीत. चार कोपऱ्यांना टेकू देऊन पालथी ठेवा किंवा उभी बुडवा. नायट्रिक ॲसिडचा प्रकार वेगळा: तिथे बुडबुडे रेघेवर बसतात, ते पिसाने हलकेच सारायचे. आणि पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. धातूही आपला स्वभाव सोडत नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने 1515 ते 1518 या काळात लोखंडी प्लेटवर एचिंग करून पाहिलं. त्याच्या तांब्यावरच्या खोदकामापुढे त्या रेघा भरडच दिसतात.

वेळ अंदाजाने ठरवू नका. त्याच धातूच्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या आणि मिनिटं लिहून ठेवा. थंडीत तेच द्रावण सुस्तावतं, त्यामुळे उन्हाळ्यातली नोंद हिवाळ्यात चालत नाही.

एनग्रेव्हिंगमध्ये रेघा हाताने खोदतात, ॲसिडच नसतं, त्यामुळे दोष ढकलायलाही कोणी उरत नाही. ब्युरिन (खोदायचं टोकदार हत्यार) घसरला की माणूस म्हणतो हात हलला. माझ्या मते दहापैकी नऊ वेळा टोक बोथट असतं: बोथट हत्याराला जोर लागतो आणि जोर लावला की ते सुटतं. वळणदार रेघेसाठी मनगट फिरवू नका, चामड्याच्या उशीवर ठेवलेली प्लेट फिरवा. उथळ ओरखडा बर्निशरने (घासून गुळगुळीत करायच्या हत्याराने) दाबून जातो. खोल असेल तर आधी स्क्रेपरने खरवडा.

छपाईत रेघा तुटक येत असतील तर कागद कोरडा असेल किंवा दाब कमी. सगळं फिकट आलं तर प्लेटवरची जादा शाई पुसताना जाळीचं कापड रेघांत शिरून शाई उपसून नेतंय. कापड सपाट धरा, हात हलका ठेवा. प्लेटच्या कडा तिरक्या घासल्या नसतील तर कागद आणि ब्लँकेट (प्रेसमध्ये कागदावर घालायचं लोकरी कापड) दोन्ही फाटतील.

छाप आरशातल्यासारखी उलटी येते, म्हणून सही उलटी कोरायची, ती राहून गेली? राहू दे. ती तशीही प्रिंटखालच्या समासात पेन्सिलीनेच करतात.