डेन्मार्कचा पश्चिम किनारा करायचाय? आधी ओहोटीची वेळ बघा

डेन्मार्क म्हटलं की लोक कोपनहेगन करून परततात, पण माझं ऐकाल तर अजून चार दिवस काढा आणि जटलंड द्वीपकल्पाच्या नैऋत्य किनाऱ्याला जा, एस्बियर बंदर, फानो आणि रोमो ही बेटं, आणि रिबे गाव. कोपनहेगनहून एस्बियरला ट्रेननं साधारण तीन तास, आणि विमानानं थेट यायचं तर बिलुंड जवळ पडतं.

इथला समुद्र म्हणजे वाडन समुद्र, उथळ आणि चिखलाचा, दिवसातनं दोनदा पार लांब मागे जातो नि परत येतो. 2014 पासून डेन्मार्ककडचा भागही युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. त्यामुळे आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघायचं, मग बाकीचा प्लॅन. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत गेला असाल तर हे वेगळं सांगायला नको. मानो बेटाचा रस्ता भरतीत चक्क पाण्याखाली जातो, तिकडे मोठ्ठ्या चाकांच्या ट्रॅक्टरला जोडलेली बस जाते, तीच घ्या, भाड्याची गाडी घालू नका. आणि चिखलात लांब चालायचं असेल तर गाइड घेऊनच, पाणी मागून कधी वेढा घालतं कळत नाही.

रोमोला बांधावरच्या रस्त्यानं गाडी थेट जाते, आणि लाकोल्क बीचवर तर वाळूतही नेता येते. पण ओल्या भागात पार्क करू नका.

फानोला एस्बियरहून फेरी, 12 मिनिटं. तिकडे सायकल घ्या आणि दक्षिण टोकाला सोन्नरहोपर्यंत जा, गवताने शाकारलेली जुनी दर्यावर्द्यांची घरं इतकी नीट जपलीत की बघतच राहावंसं वाटतं. वारा मात्र समोरून आला तर पाय भरून येतात, विंडचीटर उन्हाळ्यातही हवंच. वादळानंतर सकाळी बीचवर काळ्या लाकडाच्या चुऱ्याची रेघ दिसली की तिथे खाली बसून अँबर शोधा, म्हणजे झाडाचा कोट्यवधी वर्षं जुना डिंक. पिवळसर खडा सापडला तर दातावर हळूच आपटून बघा, दगड टक्क वाजतो, अँबर प्लॅस्टिकसारखा मऊ लागतो. खात्री नसेल तर खूप मीठ घातलेल्या पाण्यात टाका, अँबर तरंगतो.

राहायला समरहाउस, म्हणजे भाड्यानं मिळणारं सुट्टीचं घर, परवडतं, चार-सहा जण असाल तर नक्कीच. सीझनमध्ये शनिवार ते शनिवारच मिळतं बऱ्याचदा, चादरी-टॉवेल आपले न्यायचे, वीज मीटरप्रमाणे वेगळी, साफसफाईचे पैसेही वेगळे, हे बुक करतानाच वाचून घ्या. शाकाहारी असाल तर हे किचन लाखमोलाचं, डाळ-तांदूळ, मसाला सोबत असू द्या.

रिबेला एक रात्र तरी राहाच. डेन्मार्कचं सगळ्यात जुनं गाव, 8व्या शतकाच्या सुरुवातीचं. कॅथेड्रलच्या टॉवरवर चढा, वरून सगळं सपाट दिसतं आणि मग नदीकाठचा पुराच्या खुणांचा खांब बघितला की पोटात गोळा येतो, 1634 च्या वादळी पुराची खूण सगळ्यात वर आहे, डोक्याच्या कितीतरी वर. उन्हाळ्यात रात्री कंदील घेतलेला पहारेकरी गाणं म्हणत गल्ल्यांमधनं फिरतो, त्याच्या मागे मागे जायचं. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे मुलंही जागी राहतात.

कधी जायचं विचाराल तर मी सप्टेंबर सांगेन. गर्दी ओसरते, आणि त्या सुमारास तोन्नर गावाजवळच्या दलदलीत सूर्यास्ताला मैनेच्या जातीतल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे उठतात, आकाश काळं होतं, डॅनिश लोक त्याला काळा सूर्य म्हणतात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, गाडीतनं उतरा आणि शांत उभे राहा.