इंदूरला आलात आणि पिस्तूल घ्यायचंय?

पुण्या-नागपूरहून बदली होऊन आलेली मंडळी सुदामा नगरात घर लागलं की महिन्याभरात विचारतात, "काका, इकडे पिस्तुलाचा परवाना पटकन मिळतो म्हणे?" नाही मिळत. खांद्यावर बंदूक टाकून लग्नाला जाणं हे भिंड-मुरैनाकडचं. इकडची, माळव्यातली माणसं रात्री बाहेर पडली तर सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, खायला जातात.

महाराष्ट्रातला परवाना असेल तर आधी तो कुठवर चालतो ते पाहा. फक्त त्या राज्यापुरता असेल तर हत्यार सामानाच्या ट्रकमध्ये घालून आणू नका. क्षेत्र वाढवून घ्या, आणि इथे आल्यावर पत्ता बदलल्याचं ३० दिवसांच्या आत कळवा. नवा परवाना हवा असेल तर ऑनलाइन अर्ज, सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला आणि पोलीस ठाण्याची चौकशी. धीर धरावा लागतो.

आता खरा विषय. नऊ एमएम विसरा, ते प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. घरासाठी मिळतं ते .३२. धक्का कमी, त्यामुळे नवख्याला बरं. पण मॉडेलच्या नावावर जाऊ नका, हातात धरून बघा. माझ्या पहिल्या पिस्तुलाची मूठ दिसायला देखणी, पण माझ्या पंजाला जाड होती. ट्रिगरवर बोटाचं जेमतेम टोक पोचायचं आणि सगळ्या गोळ्या निशाणाच्या डावीकडे. दोन वर्षं मी दोष नजरेला देत होतो, चष्मासुद्धा बदलला! स्लाइड (वरचा सरकणारा भाग) न झगडता मागे येते का, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) नीट बसते आणि सुटते का, सेफ्टी अंगठ्याने सहज लागते का, हे दुकानातच तपासा. जुनं घेत असाल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

रेंजवर नेमबाजीच्या सरावासाठी मात्र .२२ घ्या, गोळी स्वस्त पडते. एका माणसाला आता दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा जोडी विचार करून ठरवा. आणि त्याच्याही आधी ४.५ एमएमची एअर पिस्तूल. छर्र्याचा जोर २० ज्यूलपर्यंत असेल तर तिला परवाना लागत नाही, हात तिच्यावरच बसतो. रेवती रेंजचं नाव ऐकून तिकडे जाऊ नका, ती बीएसएफची आहे. महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिटही फौजेचंच. लंडन ऑलिंपिक २०१२ मध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार तिथलेच. आपल्याला नेमबाजी क्लबचं सदस्यत्व घ्यावं लागतं.

घरात पिस्तूल रिकामं, कुलपात. गोळ्या वेगळ्या कुलपात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, पावसाळ्यात ओल धरून गंजतं. वरातीत हवेत बार काढलात तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग नवरदेव कितीही जवळचा असो.

निवडणूक लागली की पिस्तूल ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. पावती जपा. माझी एकदा हिने किराण्याच्या बिलांबरोबर रद्दीत घातली होती, ती शोधायला मी रद्दीवाल्याच्या गोडाऊनमध्ये अख्खी दुपार बसलो होतो.