गजकर्ण पुन्हा पुन्हा उठतंय? या चुका टाळा

पाऊस लागला की बेळगावजवळ खानापूर-जांबोटीकडे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण उठतं. औषध लावूनही हटत नसेल, तर आधी घरातली ट्यूब तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

ट्यूबवरचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते, म्हणून ट्यूब ‘पॉवरफुल’ वाटते. पण गजकर्ण ज्या बुरशीमुळे होतं, ती मरत नाही. उलट तिच्याशी लढणारी त्वचेची ताकदच दबते, मग चट्टा आपला पसरत जातो. गोल कडा पुसट होते, कधी वर्तुळात दुसरं वर्तुळ उठतं, आणि मूळ आजार ओळखणं डॉक्टरलाही जड जातं. जांघेत महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ होऊन चिरा पडतात. त्या पुढे पुसट होतात, पण जात नाहीत. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण दुकानात विचारतो कोण?

ट्यूब बंद केली की आठ-दहा दिवस खाज आणि लाली उसळते. ‘नवं औषध लागू पडेना’ म्हणून लोक इथेच परत जुन्या ट्यूबकडे वळतात. हा उसळा स्टेरॉइड सुटल्याचा असतो. तेवढे दिवस काढा, फारच त्रास झाला तर डॉक्टरांकडून खाजेची गोळी घ्या.

गोल दिसलं म्हणजे गजकर्णच, असंही नाही. गजकर्णाची कड उठलेली, खवल्यांची असते आणि मधला भाग निवळलेला. चट्टा सगळीकडे सारखाच जाड आणि पाझरणारा असेल तर इसब असू शकतो. कोपर-गुडघ्यांवर चंदेरी पापुद्रे सुटत असतील तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. फिकट चट्ट्यावर टोचलेलं कळत नसेल तर मलम लावत बसूच नका, सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो आणि त्याचे उपचार मोफत मिळतात.

शंका असेल तर कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तपासणीला जाताना त्या जागी मलम, तेल, पावडर काही लावून जाऊ नका.

बुरशीवरचं साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्टा गेला तरी आणखी दोन आठवडे लावा. इट्राकोनाझोलची कॅप्सूल दिली असेल तर ती जेवणानंतरच घ्यायची, ॲसिडिटीच्या गोळीसोबत नाही. हृदय कमजोर असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा.

पुरुषांच्या कमरेचा करगोटा मात्र सगळे विसरतात! तो दिवसभर घामाने ओला राहतो, त्यात बुरशी टिकते. बरं होईतो काढून ठेवा. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवा. ऊन नसेल तर उलटे करून इस्त्री फिरवा. घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकदमच सुरू करा, नाहीतर एकाचं दुसऱ्याला फिरत राहतं.

लहान मुलांच्या डोक्यात केस गळून खवले दिसले तर नुसतं मलम केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही. तिथे पोटातून औषध लागतं, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे.