ओल भिंतीत, संशय भाडेकरूवर

भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या बेडरूमची भिंत सतत ओली. दोनदा रंग दिला, दोनदा पोपडे आले. भाडेकरूच पाणी सांडत असणार, असं मी धरूनच चाललो होतो. (रंगावर पैसे घालवण्याआधी तपासायला हवं होतं, पण असो.)

शेवटी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेतलं. दोन तासांनीही आकडा तोच. म्हणजे नळाची लाइन गळत नव्हती. मग पलीकडच्या बाथरूमची जाळी कापडाचा बोळा कोंबून बंद केली, बोटभर पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा डाग वाढलेला! म्हणजे पाणी बाथरूमच्या फरशीतून झिरपत होतं.

जाळीभोवतीचे सांधे उकरून इपॉक्सी ग्राउट (फरशीच्या फटी भरायचं, पाणी न झिरपू देणारं मिश्रण) भरलं. भिंत पूर्ण सुकू दिली, मगच रंग. डिपॉझिटमधून कापायची म्हणून लिहून ठेवलेली रक्कम गुपचूप खोडली.